पेंढा गाईला, नाचणी कोंबड्यांना, सांगाडा माळ्यावर!

डिसेंबर उजाडला की मुंबई-पुण्याच्या गाड्या महामार्गावरून गोव्याकडे सुसाट सुटतात. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी खिडकीतून मागे पडतात आणि नाताळ म्हणजे पणजीच्या पुढेच काहीतरी, अशी सगळ्यांची ठाम समजूत असते. खरे तर सिंधुदुर्गाचा नाताळ जुना आहे, घरगुती आहे आणि खिशाला अतिशय सोसणारा आहे. त्यासाठी लागणारे निम्मे सामान परसात असते, उरलेले शेजारी. सण उरकल्यावर घंटागाडीत टाकायला फारसे काही उरतही नाही. म्हणूनच या नाताळाच्या काही मजेदार, काही उपयोगी आणि काही चक्रावून टाकणाऱ्या गोष्टी वाचकांसमोर मांडाव्यात असे वाटले.

आधी थोडा पत्ता. सावंतवाडी हे कॅथलिक पंथाच्या सिंधुदुर्ग धर्मप्रांताचे मुख्य ठाणे. हा धर्मप्रांत २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि त्यात रत्नागिरी व कोल्हापूरही येतात. सावंतवाडीचे मिलाग्रिस चर्च हे त्याचे प्रधान मंदिर. मालवण, देवबाग, वेंगुर्ले या पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. इथल्या ख्रिस्ती परंपरेचा दुसरा धागा अमेरिकेतून आला. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने दवाखाना चालवला. तिथल्या मिशनरी डॉक्टरांच्या घरी १५ ऑगस्ट १९१९ रोजी एक मुलगा जन्मला, रॉबर्ट गोहीन. हा वेंगुर्लेकर पुढे अमेरिकेच्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ साली अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परतला.

सुरू पाइनच्या घरातला नाही

किनाऱ्यावर सुरूची बने आहेत, त्यामुळे 'ख्रिसमस ट्री' म्हटले की इथे डोळ्यांपुढे सुरूच येतो. दिसतो हुबेहूब पाइनसारखा, पण नात्याने तो पाइनपेक्षा ओक आणि अक्रोडाला जवळचा! सुरू हे फुलणारे झाड आहे. त्याच्या हिरव्या 'सुया' म्हणजे पाने नव्हेत, त्या बारीक फांद्या आहेत. अशी एक सुई हातात घ्या आणि हलकेच ओढा. ती पेरापेरावर सुटते. त्या प्रत्येक पेराभोवती दातेरी खवल्यांचे इवलेसे कडे दिसते. ते खवले म्हणजे सुरूची खरी पाने. मुलांना हा खेळ एकदा दाखवावा, मग ती अख्खी दुपार सुया सोडवत बसतात.

सुरूची छोटी, काटेरी वाटावीत अशी बोंडे झाडाखाली भरपूर पडलेली असतात. दोऱ्यात ओवली की माळ तयार. वादळवाऱ्याने मोडून पडलेली एखादी फांदी मिळाली तर तीच बादलीत वाळू भरून उभी करावी. मात्र उभ्या झाडाला कोयता लावू नये. ही बने वारा आणि वाळू अडवायला मुद्दाम लावलेली आहेत आणि पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या घरांना त्यांचा आधार असतो.

रोपवाटिकेत 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत जे झाड मिळते ते बहुधा अरौकारिया कुळातले असते. त्यातला कुक पाइन मूळचा प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाचा. त्याची एक अजब खोड आहे. तो विषुववृत्ताकडे कलतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच खंडांवरचे कुक पाइन मोजले गेले, तेव्हा सरासरी साडेआठ अंशांचा कल आढळला. उत्तर गोलार्धातली झाडे दक्षिणेकडे झुकलेली, दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडे! म्हणजे आपल्याकडे एखाद्या अंगणात तो उंच वाढलेला दिसला तर दक्षिण कुठे ते विचारायला नको. कुंडीतले रोप एकदा आणले की वर्षानुवर्षे टिकते. प्लास्टिकचे झाड मात्र जुने झाले की ना जळणाला उपयोगी, ना खताला.

गोठा : आठशे वर्षांची कल्पना, पंधरा दिवसांचे शेत

येशूजन्माचा देखावा मांडायची प्रथा इटलीतल्या ग्रेचो गावाशी जोडली जाते. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली तिथे गुहेत गवत पसरले, खरा बैल आणि खरे गाढव उभे केले. आठशे वर्षे उलटली तरी मालवण किनाऱ्यावरचा गोठा त्याच धर्तीवर उभा राहतो, कारण साहित्य आयतेच आहे. भातकापणी नुकतीच उरकलेली असते, अंगणात पेंढ्याची उडवी उभी असते, चिऱ्याचे तुकडे कुंपणाशी पडलेले असतात.

या देखाव्यातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे त्यातली हिरवळ. गोव्यापासून वसईपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत ती नाचणी पेरून उगवतात. रीत सोपी आहे. नाताळाच्या दोनेक आठवडे आधी मूठभर नाचणी रात्री भिजत घालायची. करवंटीत, फुटक्या मडक्यात किंवा जुन्या थाळीत दोन बोटे माती पसरायची. भिजलेली नाचणी त्यावर दाट पसरून वर मातीचा अगदी पातळ थर द्यायचा. पाणी ओतायचे नाही, हाताने शिंपडायचे, नाहीतर दाणे एका कडेला वाहून जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती चिरत पोपटी टोके वर येतात आणि २४ तारखेपर्यंत बोटभर उंचीचे लुसलुशीत शेत तयार होते. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजवणाऱ्या घराला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मूर्तींसाठी गावातल्या गणपतीच्या शाळेत मातीचा उरलेला गोळा मागून पाहावा. मेंढ्या मुलांनीच वळाव्यात. पाचव्या मेंढीपर्यंत हात बसतो आणि पहिल्या चार मेंढ्या, कशाही झाल्या तरी, पुढे ठेवायच्याच. ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की गोठा आवरतात. तेव्हा पेंढा गाईपुढे जातो, नाचणीचे कोंब कोंबड्यांना घालतात, माती पुन्हा माडाच्या आळ्यात जाते. केराची टोपली रिकामीच राहते.

चांदणीचा जन्म भूमितीच्या तासाला

घरावर टांगायच्या चांदणीचा एक प्रसिद्ध प्रकार जर्मनीतल्या नीस्की गावच्या शाळेत जन्मला. १८३०च्या दशकात मोरेव्हियन पंथाच्या त्या शाळेत मुलांना घनाकृती समजाव्यात म्हणून कागदाचे सुळके जोडून चांदणी करवून घेत. वर्गातले ते हस्तकौशल्य जगभर पसरले.

आपल्याकडची पाच टोकांची चांदणी बांबूच्या कामट्यांची आणि पतंगी कागदाची. सिंधुदुर्गात यासाठी माणगा आहे. हा इथलाच बांबू, बिनकाट्यांचा आणि जवळजवळ भरीव, म्हणून मजबूत. कुडाळला २००४ साली 'कॉनबॅक' ही बांबू संस्था उभी राहिली, त्यामागे या माणग्याचा मोठा वाटा आहे. फर्निचरपासून अख्ख्या घरांपर्यंत या बांबूचे काम चालते, तर मग चांदणी ती काय!

दहा सारख्या कामट्या घ्या. पाच-पाचांच्या दोन चांदण्या बांधा. त्या एकावर एक ठेवून पाचही टोके सुतळीने करकचून आवळा. आता आतल्या पाच सांध्यांत प्रत्येकी बोटभर लांबीची काडी आडवी अडकवा. चांदणी फुगते आणि दिव्याला जागा होते. कागद चिकटवायला कणकेची खळ पुरे. एक गोष्ट लक्षात ठेवावी : खळीत चिमूटभर मोरचूद घालायची जुनी सवय लहान मुलांच्या हाती काम देताना टाळावी, ते विष आहे. त्याऐवजी खळ ताजी करून लगेच वापरावी. आत एलईडीचा छोटा दिवा लावला की कागद तापत नाही आणि विजेचे बिलही जाणवत नाही.

सांगाडा बरीच वर्षे टिकतो, बदलायचा तो कागद. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा माळ्यावर पडून असेल तर नवे काही बांधायचीही गरज नाही.

विजेच्या माळेचा जन्म १८८२चा. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरातल्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले. तोवर लोक झाडावर खऱ्या मेणबत्त्या पेटवत आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवत.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगायचे तर, सजावटीचे थर्माकोल महाराष्ट्रात २०१८च्या प्लास्टिकबंदीपासूनच बंद आहे. १ जुलै २०२२ पासून देशभरातही ते बंद झाले आणि त्याच यादीत फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ आणि मिठाईच्या खोक्यांवरचे पातळ प्लास्टिकचे आवरण आहे. म्हणजे पार्टीच्या सामानाची निम्मी पिशवी कायद्यानेच रिकामी केली आहे.

दुसरा नियम कमी लोकांना माहीत असतो आणि मालवणात तो फार महत्त्वाचा आहे. प्रवाळ, म्हणजे पोवळ्याचे दगड, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाळलेला, किनाऱ्यावर सापडलेला तुकडाही शोभेसाठी घरी आणायचा नाही. शिंपल्यांचेही तसेच भान ठेवावे. रिकामा शंख दिसला तरी शंखी खेकड्याला तो घर म्हणून लागतो. हा खेकडा वाढला की मोठ्या शंखाच्या शोधात निघतो आणि तो मिळाला नाही तर जुन्या, अपुऱ्या शंखात त्याला पुरते आत शिरता येत नाही. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सजावट त्यातून काढायची नसते.

फणीवर वळायचा फराळ

खरी धमाल स्वयंपाकघरात. नाताळाच्या आधीचे आठ दिवस घरात नारळ खवल्याचा आवाज थांबत नाही. कुलकुलांचेच घ्या. मैदा, थोडा रवा, नारळाचे दूध आणि तूप यांचे पीठ मळतात. त्याची वाटाण्याएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ, नव्या फणीवर दाबून पसरतात आणि अंगठ्याने एका झटक्यात गुंडाळतात. वर रेघा उमटतात आणि शंखासारखी गोल घडी पडते. गोव्यात कुलकुलांना 'किडयो', म्हणजे किडे म्हणतात, कारण वळलेल्या आकारामुळे ती तशी दिसतात. लहान मुलांना हे नाव कळले की ती दुप्पट जोमाने वळायला बसतात. घरातल्या सगळ्यांनी गोल करून बसायचे, गप्पा मारायच्या, किलोभर कुलकुले सहज वळून होतात. नाताळचा हा कार्यक्रम एका पैशाचे तिकीट न काढता होतो.

नेवऱ्या तर दोन्ही घरांत. गणपतीला हिंदू घरी होतात, नाताळाला ख्रिस्ती घरी. कातणेही अनेकदा एकच, ते या दारातून त्या दारात फिरत असते.

दोदोल हा मात्र धीराचा पदार्थ. तांदळाचे पीठ, नारळाचे घट्ट दूध आणि माडाचा काळा गूळ मोठ्या भांड्यात मंद आचेवर घाटत राहायचे. तेल सुटू लागेपर्यंत हात थांबवायचा नाही, आणि त्याला तास-तास लागतात. म्हणून तो एकट्याने करायचा पदार्थ नव्हे. दिराने ढवळायचे, जावेने दूध काढायचे, पोरांनी भांड्याचा तळ खरवडायचा. फ्रिजशिवाय दिवसेंदिवस टिकतो, हे त्याचे आणखी एक मोठेपण.

गोव्याच्या बेबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एक थर भाजला की त्यावर दुसरा ओतायचा, असे सात किंवा त्याहून जास्त थर. करवंट्यांच्या निखाऱ्यावर वरून आच देऊन भाजायची ही जुनी पद्धत आजही काही घरांत टिकून आहे. अंड्यांचे बलक भरपूर लागतात, म्हणून हा पदार्थ स्वस्त नाही. कुटुंबाच्या खर्चात बसवायचा तर छोटाच करावा.

आणि केक? भारतातला पहिला नाताळ केक केरळातल्या तलश्शेरीत १८८३ साली मांबळ्ळी बापू यांनी केला असे सांगितले जाते. मर्डॉक ब्राउन या मळेवाल्याने विलायती केकचा नमुना आणि थोडे साहित्य आणून दिले. ब्रँडीच्या जागी बापूंनी काजूच्या बोंडूंची आणि केळ्यांची गावठी दारू वापरली आणि गिऱ्हाईक खूश झाले. म्हणजे विलायती जिन्नस मिळाला नाही तर गावचा घाला, ही युक्ती आपल्या केकच्या जन्मापासूनचीच आहे. सिंधुदुर्गात तर प्रश्नच नाही. काजू हे पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले झाड, पण आज वेंगुर्ले काजूच्या नावाने ओळखले जाते आणि तिथल्या फळ संशोधन केंद्राने 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' अशी काजूची वाणे दिली आहेत. बेदाणे, टुटीफ्रुटी बाजूला ठेवा. वाळवलेले फणसाचे गरे, आंब्याची साठे बारीक चिरून, गावचा काजू आणि गूळ घालून केक करा. कुकरमध्ये शिटी काढून, खाली मीठ पसरून तो उत्तम होतो. ओव्हन लागत नाही.

ताट रिकामे परत जात नाही

फराळ झाला की तो शेजारी पाठवायचा. गोव्यात या ताटाला कोंसुआद म्हणतात, मंगळुरूकडे कुस्वार. थाळीत चार नेवऱ्या, मूठभर कुलकुले, दोदोलाच्या दोन वड्या आणि वर क्रोशाचा रुमाल. खोके नाही, रिबन नाही, प्लास्टिकची खिडकी नाही. रुमाल आणि थाळी परत येतात आणि रिकामी येत नाहीत. कोणी चार अंडी ठेवतो, कोणी पोफळीच्या दोन ओल्या सुपाऱ्या, कोणी तांदूळ. मला या प्रथेइतकी शहाणी भेटवस्तू दुसरी माहीत नाही. शहरात इमारतीत राहणाऱ्यांनी ती मुद्दाम उचलावी.

एका नारळाचा हिशेब

नाताळाच्या आठवड्यात फुटणाऱ्या एका नारळाचे काय काय होते पाहा. पाणी पोरे पितात. खोबरे खवून दूध काढले की ते दोदोलात किंवा सोलकढीत जाते. उरलेला चोथा भाजून सुक्या चटणीत घालतात. करवंटी घासून गुळगुळीत केली, तिला तळाशी मातीचा गोळा चिकटवून बसकी केली, आत खोबरेल तेल आणि कापसाची वात टाकली की पणती. फुटली तर चुलीत. सोडणाने भांडी घासायची किंवा पाणी तापवायचे. झावळीच्या हिरांची केरसुणी होते आणि पात्यांच्या विणकामातून मुले पक्षी, टोप्या, पिपाण्या करतात. झावळीच्या पात्याची चांदणी विणायलाही येते. वाळली की ती सोनेरी होते, रंग द्यावा लागत नाही.

पानावरचे जेवण

नाताळाच्या दुपारी काही घरांत सोरपोतेल, काही घरांत कोंबडीची सागोती आणि वडे. सोरपोतेल पोर्तुगीजांबरोबर आले. डुकराच्या काळीज, यकृतासह सगळे भाग त्यात वापरतात, काही टाकायचे नाही हाच त्या पदार्थाचा पाया. व्हिनेगरमुळे ते टिकते आणि तिसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते, हे कुठल्याही ख्रिस्ती घरात विचारून पाहा. म्हणजे २५ला उरले तर २८ला मेजवानी!

मासे घ्यायचे तर रापणीवर जावे. किनाऱ्यावरून अर्धवर्तुळात टाकलेले जाळे दोन्ही टोकांनी ओढतात आणि दोर ओढायला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, अशी जुनी रीत. पिशवी घरूनच न्यावी. मासेमारीची बंदी जून-जुलैत असते, डिसेंबरात समुद्र खुला. बांगडा, तारली असे साधे मासे घेतले तर दहा माणसांचे कालवण पापलेटच्या मानाने फार कमी खर्चात होते, आणि मालवणी मसाला पडला की कुणी तक्रार करत नाही.

जेवणावळीला केळीची पाने आहेतच. कोरड्या पदार्थांसाठी पोफळीची विरी. पोफळीवरून आपोआप गळणारा हा रुंद देठ पाण्यात भिजवून, दाबून, वाळवला की ताटली होते. जेवण झाल्यावर ताटल्या गोठ्यात किंवा खतखड्यात.

१३२ की १२?

बारा जणांच्या कुटुंबात प्रत्येकाने प्रत्येकाला भेट दिली तर १३२ भेटी होतात. नावांच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकेकच दिली तर फक्त १२. खर्च अकरा पटींनी कमी, आणि ज्याला द्यायची त्याचा विचारही नीट होतो. चिठ्ठीवर रकमेची मर्यादा आधीच लिहून ठेवावी.

काय द्यावे? सावंतवाडीची चितारआळी! लाकडी फळे, भोवरे, भातुकली, बैलगाड्या. ही खेळणी पांगाऱ्याच्या आणि आंब्याच्या लाकडाची. एका पिढीने खेळून दुसरीला दिलेली भातुकली इथे घरोघरी सापडेल. खिसा जरा मोठा असेल तर राजवाड्यात हाताने रंगवलेली गोल गंजिफा मिळते. सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने, विशेषतः शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी, ही कला मरता मरता वाचवली.

बांधायला चकाकीचा कागद नको. त्यावरची चमचम म्हणजे प्लास्टिकचे कण, त्यामुळे रद्दीवालाही तो कागद घेत नाही. ओळखायची युक्ती : मुठीत चुरगळून सोडा. उघडून परत फुलला तर त्यात प्लास्टिक आहे. आईच्या जुन्या सुती साडीचा चौकोन किंवा रविवारच्या अंकाचे रंगीत पान पुरे. सजवलेल्या वेष्टनाच्या कागदाची कहाणीही गमतीची आहे. १९१७ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानात नाताळाच्या ऐन गर्दीत साधा पातळ कागद संपला. त्यांनी पाकिटांना आतून लावायचा नक्षीदार कागद पुढे केला, आणि तोच हातोहात खपला. शुभेच्छापत्राचे वय त्याहून मोठे. लंडनच्या हेन्री कोल यांनी पहिले छापील नाताळ कार्ड १८४३ साली काढले, एक शिलिंगला एक. तेव्हाही ते महागच होते.

मराठीतला येशूजन्म, चारशे वर्षांचा

गाण्यांना खर्च नाही. आणि मराठीत त्यांचा साठा मोठा आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेले फादर स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत लिहिले. दहा हजारांवर ओव्या. १६१६ साली रायतूरला ते छापले गेले. म्हणजे येशूच्या जन्माची कथा मराठीत छापून येऊन चारशे वर्षे होऊन गेली. अक्षरे मात्र रोमन होती, आणि त्या काळच्या छापील प्रतींपैकी एकही आज सापडत नाही. हस्तलिखितांनी ते काव्य जगवले.

दुसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म कोकणातलाच, करजगावचा. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. त्याच त्या 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाई. नाताळाच्या रात्री पेटी आणि टाळ घेऊन बसले की ध्वनिवर्धकाची गरज पडत नाही.

आणखी एक लाभ फक्त याच महिन्यांत, याच भागात मिळतो. नाताळ आणि गावच्या जत्रा एकाच मोसमात येतात. देवळासमोर रात्रभर दशावतार रंगतो. संहिता लिहिलेली नसते, संवाद नट जागच्या जागी रचतात, स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात आणि सगळा संसार पेटाऱ्यात मावतो. पाहायला पैसे पडत नाहीत. ख्रिस्ती शेजारी सणाचा फराळ खाऊन दशावताराला येऊन बसला आहे, हे चित्र इथे नवलाचे नाही. जत्रेतून येताना मालवणी खाजा घ्यावा, आले-गुळाचा. तो कागदाच्या पुडीतच बांधून मागावा.

लाल परीचा नाताळ

घरची सहल करायची तर एसटी. मार्च २०२३ पासून महिलांना सर्व प्रकारच्या एसटी गाड्यांत निम्मे भाडे. ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मा. आजी-आजोबा, आई, आत्या आणि मुले अशी फौज निघाली तर गाडी भाड्याने करण्यापेक्षा किती वाचतात याचे गणित मुलांनाच घालावे.

जागा? मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला. शिवरायांनी १६६४ साली बांधायला घेतलेला, चहूबाजूंनी खारे पाणी असलेला, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. पाण्याची बाटली घरून न्यावी आणि तीच घरी परत आणावी. रिकामी बाटली किल्ल्यावर राहिली तर ती वाऱ्याबरोबर थेट अभयारण्याच्या पाण्यात जाते. २५ डिसेंबरला सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो, परतीची होडी त्याआधी धरावी.

कचरा पाहायला जाण्याचे गाव

कचरा कमी करायचा तर वेंगुर्ल्याकडे पाहावे. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगर परिषदेने घरोघरी कचरा वेगळा करायला लावला. ओला-सुका एवढ्यावर न थांबता सुक्यातही काच, पुठ्ठा, प्लास्टिक असे अनेक गट केले. ओल्यापासून खत आणि बायोगॅस, प्लास्टिकच्या तुकड्यांचा वापर डांबरी रस्त्यात. कचराडेपोची दुर्गंधी गेली, झाडे आली आणि लोक ती जागा मुद्दाम पाहायला येऊ लागले. दुसऱ्या गावचे अधिकारीही आले. हे एखाद्या महानगरात घडले नाही, आपल्या शेजारच्या किनारी गावात घडले. नाताळाच्या घरकामात इतकेच उचलले तरी खूप : सणाच्या आठवड्यात दोनऐवजी चार पिशव्या लावाव्यात आणि कोणत्या पिशवीत काय ते मुलांनी चित्र काढून चिकटवावे.

रात्रीच्या किनाऱ्यावर आपण एकटे नसतो

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासविणी कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याचे वायंगणी, मालवणचे तोंडवळी, देवगडचे तांबळडेग ही त्यांची ओळखीची ठिकाणे. मादी अंधारात वर येते, मागच्या वल्ह्यांनी वाळूत खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून पुन्हा समुद्रात जाते आणि पिल्लांना कधीही भेटत नाही. दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. रिसॉर्टचे दिवे, गाडीचे हेडलाइट, वाळूवरची शेकोटी असली की पिल्ले उलटी वळतात आणि जमिनीकडे निघतात.

२५ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री किनाऱ्यावर सर्वाधिक उजेड आणि आवाज असतो, आणि तोच कासविणींचा हंगाम. म्हणून वाचकांना विनंती आहे : मेजवानी अंगणात करा, वाळूवर गाडी नेऊ नका, तारेच्या सांगाड्याचे आकाशदिवे उडवू नका, फुटलेले फुगे आणि मासेमारीच्या जाळ्याचे तुकडे दिसले तर येताना उचलून आणा. कासवीण वर आलेली दिसली तर टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश बंद करून दूर उभे राहा, आणि घरटे किंवा जखमी कासव आढळले तर वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा.